पाहुण्यांसमोर अर्धा तांब्या

तुमचे आजोबा आणि मी एकदा एकाच दिवशी एकमेकांना भेटायला निघालो आणि वाटेत चुकामूक होऊन एकमेकांच्या कुलूप लावलेल्या घरी पोचलो, ही गोष्ट तुमच्या आईने तुम्हाला सांगितली असेलच. ती सगळ्यांना सांगते. पण तीच गोष्ट मी पुढे भर वर्गात, शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर, उभं राहून इंग्रजीतून सांगितली, आणि त्या घटकेला एका भल्या माणसाची नोकरी आणि लग्न दोन्ही टांगणीला लागलेलं होतं, हे तिला नीटसं ठाऊक नाही. ती तेव्हा पुण्याला वसतिगृहात होती. परवा फोनवर धाकटीने रासायनिक समतोलाला 'बोअर' म्हटलं, तेव्हाच मी ठरवलं की आता हे लिहून पाठवायचं.

क्रमाने लिहिते. क्रमाशिवाय मला काही जमत नाही, हे तुम्हाला माझ्या फडताळातल्या चिकटपट्ट्या लावलेल्या डब्यांवरून माहीत आहे.

नव्वदीच्या दशकात तुमचे आजोबा साताऱ्याला सरकारी कचेरीत होते आणि मी आष्ट्याला एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कॉलेज लहान, संस्था गावातल्या चार माणसांनी उभी केलेली. मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून सायकलीवर येत, काही लांबची मुलं वसतिगृहात राहत. सगळी मराठी शाळांतली. दहावीपर्यंत आम्ल, अभिक्रिया, द्रावण असं शिकलेली ही मुलं जून महिन्यात अकरावीच्या वर्गात येऊन बसत आणि पाहतात तो सगळं शास्त्र इंग्रजीत गेलेलं. जणू सुट्टीत कुणीतरी घराची भाषा बदलून ठेवली होती.

त्यांना रसायनशास्त्र शिकवायला कुंडलचे एक तरुण सर होते. एम.एस्सी. फार चांगल्या मार्कांनी झालेले, उंच, आणि स्वभावाने इतके मऊ की खडू मोडला तरी खडूची क्षमा मागतील असं वाटे. ते फळ्यावर इंग्रजीत लिहीत आणि तोंडाने मराठीत शिकवत. त्यांचा तास सुटला की मुलं व्हरांड्यात त्याच विषयावर भांडत. शिक्षक चांगला असल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

सरांची नेमणूक अजून कायम झालेली नव्हती. दोन वर्षांची मुदत संपत आली होती, आणि मग प्राचार्यांनी एक दिवस शिक्षकखोलीत सांगितलं की शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, ते सरांचा पाठ बघतील, आणि त्यांचा शेरा बघून संस्था सरांना कायम करील किंवा मोकळं करील.

"पाठ इंग्रजीतच झाला पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "साहेब त्या बाबतीत कडक आहेत."

सरांचा चेहरा उतरला. त्यांचं लग्न ठरलेलं होतं, म्हणजे मुलगी ठरली होती आणि तारीख अडली होती. भावी सासरे पलूसच्या बाजूचे, द्राक्षबागायतदार. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की कायमची ऑर्डर दाखवा आणि मांडव घाला. सर बोलताना इंग्रजीला घाबरत. लिहायला बसवलं तर पान भरून निर्दोष लिहीत. उभं करून बोलायला सांगितलं की पहिल्या वाक्यानंतर त्यांच्या गळ्यातली घाटी वर जाई आणि तिथेच थांबे.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही त्यांच्या वर्गात बसा. इंग्रजी तेवढं घासून-पुसून द्या."

म्हणून मी, चाळिशी ओलांडलेली बाई, अकरावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसू लागले. पुढच्या बाकावरच्या मुली पहिले दोन दिवस वळून वळून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीने मला चिंच दिली, आणि मी वर्गाची झाले.

साहेबांसमोर शिकवायचा धडा ठरला होता: केमिकल इक्विलिब्रियम. सर त्यातली वाक्यं लिहून आणत आणि मी दुरुस्त करत असे. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांनी लिहिलं होतं की काही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात, आणि काही वेळाने त्या थांबल्यासारख्या दिसतात पण थांबलेल्या नसतात. मी ते खोडून, सुटसुटीत करून लिहिलं की काही वेळाने अभिक्रिया पूर्ण होते.

सरांनी वाचलं आणि कान खाजवला. "मॅडम, इंग्रजी झकास झालं. केमिस्ट्री मेली."

"म्हणजे?"

"पूर्ण होत न्हाई ती. चालूच असते. इकडून तिकडं जेवढं जातं, तेवढंच तिकडून इकडं येतं. म्हणून आपल्याला काही बदल दिसत नाही."

"जर काहीच बदल दिसत नाही, तर ती थांबली म्हणायला काय हरकत आहे?"

"कारण ती थांबलेली नसते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर हताशपणे हसले. मला खरोखरच ते पटेना. माझ्या घरात काम सुरू होतं आणि संपतं. भांडी घासली की पालथी होतात. जी गोष्ट सुरू झाली, जिचा काही परिणाम दिसत नाही आणि जी तरी चालूच आहे, तिला मी गोंधळ म्हणत असे. सरांनी त्याला शास्त्र म्हणावं हे मला जरा अतीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. एका बंद काचेच्या नळीत तपकिरी वायू होता. कॉलेजच्या फाटकाशी बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी असे, तिथून आणलेल्या बर्फात त्यांनी ती नळी धरली. रंग फिका पडत पडत जवळजवळ गेला. मग गरम पाण्यात धरली, रंग परत आला. वर्गाने "आयला!" म्हटलं आणि माझी आठवण होऊन जीभ चावली.

"आत दोन वायू आहेत," सर म्हणाले. "एक तपकिरी, एक बिनरंगी. तपकिरीचा बिनरंगी होतोय आणि बिनरंगीचा तपकिरी. थंड केलं की पारडं एकीकडं झुकतं, गरम केलं की दुसरीकडं. आणि मधे जेव्हा रंग स्थिर दिसतो, तेव्हा सुद्धा आत देवाणघेवाण चालूच असते."

रंग जातो आणि येतो हे मी डोळ्यांनी पाहिलं, ते मान्य केलं. पण रंग स्थिर असताना आत काहीतरी चाललेलं असतं, हे कुठे दिसलं? मी हात वर केला. मुलं खूश झाली, कारण प्रश्न विचारणारी मी एकटीच होते.

आष्ट्याच्याच एका मुलीने मला समजावायचा विडा उचलला. "मॅडम, आपला आठवडी बाजार बघा की. अकरा वाजल्यापास्नं गर्दी तेवढीच दिसत्या का न्हाई? पण तीच माणसं असत्यात व्हय? जेवढी येत्यात तेवढी जात्यात."

"पण संध्याकाळी बाजार उठतो," मी म्हटलं. "संपतो."

ती सरांकडे वळली. "सर, मॅडम ऐकंनात."

सर म्हणाले, "मॅडमना वेळ द्या."

त्या वेळ देण्यातच तो शनिवार आला.

आमची दोन घरांची पद्धत अशी होती की एका शनिवारी मी साताऱ्याला जायचं आणि पुढच्या शनिवारी आजोबांनी आष्ट्याला यायचं. पद्धत मीच आखली होती, त्यामुळे ती चुकणं शक्य नव्हतं. पण मधे एका शनिवारी त्यांना कचेरीचं काम निघालं आणि ते आले नाहीत. आता पुढच्या शनिवारी पाळी कुणाची? मी समजले, त्यांची चुकली ती चुकली, आता माझी. ते समजले, आपली राहिलेली पाळी आता भरून काढावी. दोघंही बरोबर होतो. मोबाइल तेव्हा कुणाकडे नव्हते. आष्ट्याला मला निरोप द्यायचा तर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याला फोन करावा लागे, आणि तो निरोप आपल्या सवडीने पोचवत असे.

मी दुपारची सांगली-सातारा गाडी पकडून संध्याकाळी घरी पोचले. दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, साहेब तर आष्ट्याला गेले! तुमच्यासाठी कंदी पेढे घेऊन." म्हणजे वाटेत कुठेतरी आमच्या गाड्या एकमेकींना शेजारून गेल्या होत्या, आणि मी बहुधा डुलकी घेत होते.

माझ्याजवळची किल्ली लावून मी आत गेले. विचार केला की उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने परत जावं, बिचारे तिथे एकटे बसले असतील. तिकडे आष्ट्याला त्यांनी घरमालकाच्या ओसरीवर बसून अगदी हाच विचार केला. दोघांनाही समोरच्याची काळजी. दोघांनाही स्वतः हलण्याचाच उपाय सुचला.

रविवारी सकाळी माझी गाडी कराड स्टँडवर थांबली. मी खिडकीतून पाहिलं तर शेजारी साताऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीच्या खिडकीत तुमचे आजोबा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"अहो!" मी ओरडले.

त्यांनी पाहिलं. शेंग हातातच राहिली. "तू तिकडे काय करतेस?"

"तुमच्याकडे येतेय! तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्याकडे!"

माझ्या गाडीच्या वाहकाने घंटी मारली. "बाई, उतरताय का मालकांना घेताय? काय ते लवकर ठरवा."

"तू उतर!" आजोबा ओरडले.

"तुम्ही उतरा!"

आम्ही दोघेही उतरलो, आणि दोन्ही गाड्या निघून गेल्या. मग स्टँडवरच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला आणि कंदी पेढे खाल्ले. पेढे साताऱ्याहून निघून आष्टा बघून कराडला परत आले होते. आजोबा हिशेब लावत म्हणाले, "म्हणजे बघ, काल संध्याकाळी साताऱ्यात एक माणूस आणि आष्ट्यात एक माणूस. नेहमीसारखंच. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोघंही आपापल्या जागी निवांत बसलेत. आणि आपण इकडे दोन दिवस—"

मी कप बशीत आपटला. "थांबलेली नव्हती!"

"कोण?"

"रिअ‍ॅक्शन!"

त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग आणखी एक चहा सांगितला.

सोमवारी मी सरांना हे सांगितलं. ते इतके हसले की त्यांच्या हातातल्या नळीची मला काळजी वाटली. "मॅडम, पुस्तकात घालावं असं उदाहरण आहे हे."

"पुस्तकात काय, वर्गातसुद्धा घालायचं नाही," मी बजावलं. "आमचे हे चारचौघांत चर्चा झालेली खपवून घेत नाहीत."

सरांनी कबूल केलं आणि साहेबांसाठी दुसरा प्रयोग आखला. रसायनांची गरजच नाही. टेबलावर दोन टब. डावा पाण्याने भरलेला, उजवा रिकामा. डाव्या टबापाशी एक मुलगा मोठा मग घेऊन उभा, उजव्यापाशी तीच बाजारवाली मुलगी लहान मग घेऊन. शिट्टी झाली की दोघांनी एकाच वेळी आपापल्या टबात मग सरळ बुडवायचा, जेवढं पाणी येईल तेवढं घ्यायचं आणि दुसऱ्याच्या टबात ओतायचं. टबात पाणी खूप असेल तर मग भरून येतो. पाणी कमी झालं की मगात कमी येतं. सुरुवातीला डावीकडून उजवीकडे भराभर पाणी जातं, मग हळूहळू उजवीकडूनही जास्त परत येऊ लागतं, आणि शेवटी दोन्ही टबांतलं पाणी आपापल्या रेषेवर थांबतं. दोघांचे मग मात्र चालूच असतात.

तालमीला ते चोख झालं. रेषा हलेना आणि हात थांबेनात. कराडच्या कँटीनमध्ये मला जे कळलं होतं, ते मी आता डोळ्यांनी पाहिलं. सरांची इंग्रजी वाक्यंही बसली होती. डाव्या टबापाशी ठेवलेला मुलगा जत भागातला, वसतिगृहात राहणारा, धनगराचा. आज्ञाधारक, दणकट आणि बोलायला फार कमी. सरांनी त्याला मुद्दाम निवडलं होतं, कारण सांगितलेल्या कामात तो स्वतःचं डोकं घालत नसे.

साहेब आले त्या दिवशी प्राचार्यांनी सकाळी प्रयोगशाळेत फेरी मारली. टेबलावर पोचे आलेले अॅल्युमिनियमचे मग पाहून ते दचकले. "हे साहेबांसमोर? छे!" आणि त्यांनी मग उचलून त्या जागी कार्यालयातला, पाहुण्यांना पाणी द्यायचा, चिंचेने लखलखीत घासलेला पितळी तांब्या आणि फुलपात्र ठेवलं. मोठ्याच्या जागी मोठं, लहानाच्या जागी लहान. मला वाटलं, उलट शोभा आली. सरांनाही तसंच वाटलं.

साहेब सफारीतले, चष्म्यावरून पाहणारे. त्यांच्याबरोबर संस्थेचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, मिशा करवतीसारख्या ताठ. दोघं पुढच्या बाकावर बसले. मी मागे माझ्या जागी.

सरांनी सुरुवात छान केली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. घाटी जागेवर. मग शिट्टी झाली आणि मुलांनी पाणी उपसायला सुरुवात केली.

चारदोन फेऱ्यांतच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. तालमीत डाव्या टबाचं पाणी एका ठिकाणी येऊन थांबत असे. आज ते थांबेना. मुलगा तांब्या बुडवत होता, तो काठोकाठ भरलेला नाही असं दिसलं की टब एका हाताने कलता करत होता, आणि तांब्या तोंडापर्यंत भरूनच पलीकडे नेत होता. नेताना एक थेंब सांडू देत नव्हता. समोरची मुलगी इमानाने फुलपात्रात येईल तेवढंच परत आणत होती.

"ऑब्झर्व्ह द लेव्हल्स," सर म्हणाले. वर्गाने ऑब्झर्व्ह केलं. डाव्या टबाच्या तळाला तांब्या खरखर वाजला.

अध्यक्ष पुढे वाकले. "सर, ह्यो टब तर रिकामा झाला की वो. फौजेत आमाला शिक्षा म्हणून एका खड्ड्यातली माती दुसऱ्या खड्ड्यात टाकायला लावायचे. त्यातलं काय हाय का हे?"

साहेबांनी चष्मा सावरून इंग्रजीत विचारलं, "म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली असं समजायचं का?"

माझ्याच पेनाने लिहिलेलं ते वाक्य साहेबांच्या तोंडून ऐकून मी बाकावर आक्रसले. सरांनी तोंड उघडलं. घाटी वर गेली आणि अडकली. मला डोळ्यांसमोर पलूसचे सासरे दिसले, मांडवाचे बांबू परत गाडीत घालताना.

आणि मग सर एकदम मुलाकडे वळले. "आरं, भरून भरून कशाला घेतोयस? बुडवायचं आन् येईल तेवढंच घ्यायचं, सांगितलं होतं न्हवं?"

मुलगा तांब्या छातीशी धरून उभा. "सांगितलं व्हतं, सर."

"मग?"

"सर, तवा मग व्हता. आता तांब्या हाय." त्याने चोरून पुढच्या बाकाकडे पाहिलं. "पावण्यांसमोर अर्धा तांब्या कसा उचलायचा? आमच्याकडं घरात पाणी नसलं तरी पावण्याला तांब्या भरूनच देत्यात. आईला कळलं तर मारंल मला."

वर्ग फुटला. अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. "बराबर हाय लेका तुझं!"

सरही हसले, आणि हसता हसता त्यांची भीती कुठेतरी सांडली. "हे बघ," ते म्हणाले, "तू आता माणूस न्हाईस. तू रेणू हायस. रेणूला पावणं आल्यालं कळत न्हाई. त्याला शरम न्हाई, आई न्हाई. टबात रेणूंची दाटी असंल तर तांब्यात जास्त येतील, दाटी कमी झाली तर कमी येतील. बास." आणि मग कुंडलच्या मराठीत त्यांनी सगळं असं उलगडलं की अध्यक्ष उठून टेबलापाशी जाऊन उभे राहिले. पाणी पुन्हा पहिल्यासारखं केलं. शिट्टी झाली. या वेळी मुलाने डोळे मिटून तांब्या बुडवला, अर्धा तर अर्धा, आणि पाहुण्यांकडे न बघता ओतला. पाणी रेषेवर आलं आणि थांबलं. तांब्या आणि फुलपात्र चालूच होतं.

"च्यायला, खरंच की!" अध्यक्ष म्हणाले.

साहेब मात्र हसले नव्हते. "विषय ठीक आहे," ते म्हणाले. "पण भाषा? परीक्षा इंग्रजीत आहे. हे कुणी मला इंग्रजीत सांगू शकेल?"

मघाशी खिदळणारी मुलं बाकाच्या लाकडात गाठी शोधू लागली. सरांची घाटी पुन्हा वर निघाली. साहेबांची नजर फिरत फिरत शेवटच्या बाकावर आली.

"तुम्ही, मॅडम. इंग्रजीच्या ना? तुम्हाला काय समजलं?"

मी उभी राहिले आणि सरांचं मूळ वाक्य, न खोडलेलं, शब्दशः म्हणून दाखवलं.

"पुस्तकातलं नको," साहेब म्हणाले. "उदाहरण द्या."

खरं सांगते, त्या क्षणी मला दुसरं एकही उदाहरण आठवलं नाही. बाजार आठवला नाही, नळी आठवली नाही. म्हणून मी शुद्ध इंग्रजीत, आर्टिकलांसकट, सांगितलं की माझे यजमान साताऱ्याला असतात. शनिवार सांगितला, कुलूप सांगितलं, पेढे सांगितले, कराडच्या स्टँडवरच्या शेंगा सांगितल्या. दोन्ही गावांत माणसांची संख्या कशी तीच राहिली आणि आम्ही मात्र कसे सारखे धावत होतो, हेही सांगितलं.

मी सांगत असताना वर्गातल्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. वर्षभर माझ्या तासाला ज्यांनी कधी इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं, ती मुलं आता राहवेना म्हणून बोलू लागली.

बाजारवाल्या मुलीने फुलपात्र ठेवून हात वर केला. "सर, मॅडम्स हजबंड इज इन विच बस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, इफ नो बस फ्रॉम सातारा?"

"देन ऑल पीपल इन सातारा!" तिसरा ओरडला.

"गुड!" सर ओरडले. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एकात सातारा, एकात आष्टा, मधे दोन बाण. "नाऊ," ते म्हणाले, "एसटी अ‍ॅड्स मोअर बस फ्रॉम सातारा. व्हॉट हॅपन?"

"रश इन आष्टा, सर!"

"देन?"

"देन दे गो बॅक! मोअर अँड मोअर गो बॅक!"

"यस! सिस्टिम फाइट्स! सिस्टिम डझंट लाइक!" हा एका फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम, आणि त्याचं नाव उच्चारायला सर तालमीत सगळ्यात जास्त घाबरत. त्यांनी त्याचं नाव घेतलंच नाही. त्यांचं व्याकरण वाटेत पडत होतं, आर्टिकल तर एकही शिल्लक नव्हतं, आणि माझे हात दुरुस्तीसाठी शिवशिवत होते. पण सर बोलत होते. अडखळत नव्हते. घंटा झाली तरी बोलत होते.

साहेबांनी डायरी मिटली. जाता जाता माझ्यापाशी थांबून मराठीत म्हणाले, "आमच्या मिसेस तासगावला असतात, मी कोल्हापूरला. तुमच्या त्या कँटीनमध्ये चहा कसा मिळतो?"

"बरा असतो," मी म्हटलं. "पण आधी पाळी ठरवून घ्या."

त्यांचा शेरा आला, त्यात इंग्रजी सुधारण्यास वाव असल्याचं लिहिलं होतं आणि विषय विद्यार्थ्यांपर्यंत पोचत असल्याचंही. अध्यक्षांनी कागदाची वाट पाहिलीच नव्हती. ते त्याच दिवशी दारातून बाहेर पडताना म्हणाले, "सर, तुमी कायम. मांडव घाला."

मांडव कुंडलला पडला. तुमच्या आजोबांना मी आग्रहाने नेलं. या वेळी आम्ही एकाच गाडीने गेलो. मांडवाच्या तोंडाशी मुलीचे वडील, ते पलूसचे बागायतदार, सगळ्यांचं स्वागत करत होते. मी आमची ओळख सांगितली तसा त्यांनी आजोबांना नमस्कार केला, निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आवं, तुमीच काय ते कराडच्या स्टँडवर शेंगा खात बसल्यालं?"

आजोबा माझ्याकडे पाहू लागले. मी आंब्याची तोरणं पाहू लागले.

"तुमच्यामुळं आमची लेक उजवली म्हणायची," सासरे म्हणाले आणि त्यांनी आजोबांना हाताला धरून थेट पहिल्या पंगतीत नेलं. पंगतीतल्या निम्म्या लोकांना ती गोष्ट ठाऊक होती. उरलेल्या निम्म्यांना वरण येईपर्यंत कळली. आजोबा खाली मान घालून जेवत होते, पण त्यांच्या पानात जिलबी काही थांबत नव्हती, त्यामुळे राग धरणं त्यांना अवघड गेलं असावं.

पाणी वाढायला सरांचे विद्यार्थी होते. जतचा तो मुलगा तोच पितळी तांब्या घेऊन पंगतीतून येत होता. कॉलेजातून मुद्दाम आणला होता की काय, मी विचारलं नाही. त्याने आजोबांच्या पेल्यात पाणी ओतायला सुरुवात केली.

"बास, बास, अर्धा पुरे," आजोबा म्हणाले.

तो थांबला नाही. पेला काठोकाठ भरला, एक थेंबही पानावर न सांडता, आणि मग कमरेत वाकून अदबीने म्हणाला, "न्हाई साहेब. अर्धा लॅबमदी. हितं तुमी पावणं हाय."